जुना सोर्स, नवा यजमान : ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बांधताना काय हरवतं?

आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, हे कंपायलर मध्येच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. एखादा मजकूर आपल्यापाशी आहे, म्हणजे त्याचा अर्थही आपल्यापाशी आहे का, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. तो मला सगळ्यात स्वच्छ दिसला, तो एक जुना लिनक्स नव्या लॅपटॉपवर सोर्सपासून बांधायला बसलो तेव्हा. म्हणून हा विषय.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक आश्वासन सतत ऐकू येतं : सोर्स कोड हातात आहे ना, मग काळजी नाही. कंपनी बंद पडो, पाठिंबा थांबो, आपण पुन्हा बांधून घेऊ. आता कल्पना करा. एखाद्या प्रयोगशाळेत दहा-बारा वर्षं जुन्या कर्नलवर चालणारं उपकरण आहे. उपकरण उत्तम चाललंय, पण सुरक्षेत एक भोक सापडतं. दुरुस्ती एका ओळीची आहे. ती ओळ लिहायला पाच मिनिटं पुरतात. पण ती घालून अख्खा कर्नल पुन्हा बांधायचा, तर ज्या संगणकावर तो पहिल्यांदा बांधला, तो केव्हाच भंगारात गेलेला असतो. आश्वासनाची खरी परीक्षा तिथे होते.

बांधणं म्हणजे काय?

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेली संहिता. प्रोसेसरला ती कळत नाही. कंपायलर ती वाचून यंत्रभाषेत उतरवतो, लिंकर त्या तुकड्यांना एकत्र जोडतो, आणि काय कधी करायचं हे 'मेक' नावाचा मुकादम ठरवतो. अधेमध्ये पर्ल, शेल अशा भाषांतल्या लहानसहान स्क्रिप्टही चालतात. ज्या संगणकावर हे सगळं चालतं त्याला होस्ट म्हणतात. आपण यजमान म्हणू. आणि ज्याच्यासाठी चालतं ते टार्गेट.

आपल्या डोक्यात चित्र असं असतं, की संहिता म्हणजे सगळं आणि यजमान म्हणजे नुसतं स्वयंपाकघर. कुठल्याही घरी केली तरी आमटी तीच. हे चित्र कसं चुकतं ते बघू.

उदाहरण घेऊ लिनक्स ३.२चं, जानेवारी २०१२मधलं. त्याचा मूळ सोर्स आजच्या यजमानावर बांधायला घ्या. पहिली तक्रार सुरुवातीलाच येते : अमुक एक फाइल सापडत नाही. झालेलं असं, की त्या काळच्या कर्नलमध्ये जीसीसी कंपायलरच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीसाठी वेगळी हेडर फाइल होती. आवृत्ती ३साठी एक, ४साठी एक. कर्नल कंपायलरला त्याची आवृत्ती विचारतो आणि त्या क्रमांकाची फाइल शोधतो. जीसीसी ५ आला २०१५मध्ये. २०१२च्या संहितेत पाच नंबरची फाइल असणार कशी?

ती अडचण हाताने दूर केलीत, तर पुढे वेळेच्या एककांचे गुणक काढणारी एक पर्ल स्क्रिप्ट अडते. एखादा ॲरे 'डिफाइन्ड' आहे का, असं तिने विचारलेलं असतं. पर्लने ही पद्धत जुनी ठरवून नुसत्या इशाऱ्यावर बरीच वर्षं चालू दिली आणि २०१५च्या ५.२२ आवृत्तीपासून ती सरळ चूक मानली. इथे तर कर्नलचा एक शब्दही सी भाषेत अडलेला नाही. अडला तो मदतनीस.

तिसरं उदाहरण थोड्या नंतरच्या, एआरएम प्रोसेसरसाठीच्या कर्नलांचं. बांधकाम चालू असताना कर्नल स्वतःसाठी एक छोटा प्रोग्राम बनवतो, उपकरणांची यादी वाचण्यासाठी. तो यजमानावरच चालतो. त्यात एकच व्हेरिएबल दोन फाइलींत जाहीर केलेलं होतं. पूर्वी लिंकर अशी दोन नावं गुपचूप एकत्र करायचा. २०२०च्या जीसीसी १०ने ही सवलत मूळ सेटिंगमधून काढली. परवापर्यंत निमूट बांधला जाणारा कोड आज "एकाच नावाच्या दोन व्याख्या" म्हणून थांबतो.

तिन्ही वेळा संहितेत एक अक्षरही बदललेलं नाही. बदलला तो वाचणारा. संहिता त्याच्याविषयी काहीतरी गृहीत धरून चालली होती, आणि ते गृहीत तिच्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते दिसतच नव्हतं, तो लिहिणार कुठून?

ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

आत्तापर्यंतच्या चुका ओरडणाऱ्या होत्या. त्या बऱ्या. बांधकाम थांबतं, आपण दुरुस्त करतो. खरी भीती गप्प बसणाऱ्या चुकांची आहे.

न्यायदर्शनात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 'सैंधव आण' असं कोणी म्हणालं. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधू देशाचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. वाक्य दोन्हीकडे शुद्ध आहे. अर्थ ठरतो तो तात्पर्यावरून, म्हणजे बोलणाऱ्याला काय सांगायचंय त्यावरून, आणि ते कळतं प्रसंगावरून.

आता १९७५च्या युनिक्सकडे चला. बेल लॅब्जची सहावी आवृत्ती, पीडीपी-११ संगणकासाठीची. त्या वेळच्या सी भाषेत 'क्षमधून ५ वजा कर' हे 'क्ष =- ५' असं लिहीत. बरोबरचं चिन्ह आधी, वजा नंतर. पुढे हा क्रम उलटा झाला, आणि आज तेच 'क्ष -= ५' असं लिहितात. मग जुनी ओळ आजच्या कंपायलरला दिली तर? तो ती आनंदाने स्वीकारतो. कारण आजच्या व्याकरणातही ते वाक्य शुद्ध आहे, फक्त त्याचा अर्थ होतो 'क्षची किंमत उणे ५ कर'. क्ष शंभर असेल तर जुना वाचक पंचाण्णव देईल, नवा उणे पाच. मीठ मागितलं आणि घोडा आला, तोही कोणी हू की चू न करता!

याच्या उलट 'क्ष =| ५' अशी जुनी ओळ आजच्या व्याकरणात बसतच नाही. कंपायलर तिथल्या तिथे थांबतो. दोन्ही ओळी एकाच काळच्या, एकाच सवयीच्या. पण एक स्वतःचं म्हातारपण सांगते आणि दुसरी लपवते. २००६मध्ये एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांसाठी याच सहाव्या आवृत्तीवर आधारलेली 'एक्सव्ही६' सिस्टीम तयार झाली. ती आधुनिक सीमध्ये नव्याने लिहावी लागली, नुसती पुन्हा कंपाइल करून भागलं नाही.

हे फक्त पन्नास वर्षांपूर्वीचं नाही. २००९मध्ये लिनक्सच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर रिकामा आहे का याची तपासणी लिहिलेली होती, पण त्याच्या आधीच्या ओळीत तो पॉइंटर वापरून झाला होता. कंपायलरने तर्क केला : ज्याअर्थी आधीच वापरला, त्याअर्थी तो रिकामा असूच शकत नाही, म्हणजे तपासणी निरर्थक. आणि ती काढून टाकली. सी भाषेच्या नियमांनी तर्क बिनचूक, पण संरक्षण गेलं. सोर्स वाचणाऱ्याला तपासणी दिसते, चालणाऱ्या कर्नलमध्ये ती नाही. त्यानंतर असा तर्क करू नकोस अशी सूचना कंपायलरला देण्याची सोय कर्नलच्या बांधणीत केली गेली. मुद्दा हा, की नवा कंपायलर जितका हुशार, तितकी जुन्या संहितेतली ढिलाई त्याला जास्त सापडते, आणि तो तिचा फायदा घेतो.

मग करायचं काय?

वाटा तीन आहेत. पहिली, संहिता बदला. पॅच लावा, नव्या वाचकाला समजेल असं लिहा. याने काम होतं, पण तुम्ही आता जुनी सिस्टीम बांधत नाही, तिची नवी आवृत्ती काढता. दुसरी वाट, वाचकाला जुनं वागायला सांगा. आधुनिक कंपायलरला १९८९च्या सीच्या नियमांनी वाच, नावांची ती जुनी सवलत परत दे, अशा सूचना देता येतात. पण कुठल्या सवलती लागणार आहेत, हे चूक ओरडली तरच कळतं.

तिसरी वाट, वाचकच सोबत न्या. हे नेटबीएसडीने फार नेटकेपणाने केलंय. २००२च्या १.६ आवृत्तीपासून त्यांच्याकडे बांधणीची एक स्क्रिप्ट आहे. ती आधी स्वतःचं 'मेक' तयार करते, मग त्याच सोर्समधून कंपायलर, असेंब्लर, लिंकर बांधते, आणि मग या स्वतःच्या अवजारांनी सिस्टीम बांधते. यजमान लिनक्स असो की दुसरं काही, त्याच्यावरचा भरवसा कमीत कमी ठेवायचा. रूट अधिकारही लागत नाहीत. संहिता आपला वाचक बरोबर घेऊन येते.

पण तुमच्या लक्षात आलं असेल, ती अवजारं बांधणार कोण? यजमानाचाच कंपायलर. आणि जुना कंपायलर हाही जुना सोर्सच. जीसीसी ४च्या कित्येक आवृत्त्या आज बांधायला गेलात तर अडतात, कारण २०१७च्या ग्लिब्सी २.२६मध्ये एका स्ट्रक्चरचं जुनं नाव काढून टाकलं. म्हणजे कंपायलर बांधायला कंपायलर, त्याला आणखी एक. नैयायिक याला अनवस्था दोष म्हणतात.

जीसीसीने यावर काढलेली युक्ती सुंदर आहे. यजमानाच्या कंपायलरने पहिला जीसीसी बांधायचा. त्या पहिल्याने तोच सोर्स घेऊन दुसरा बांधायचा. दुसऱ्याने तिसरा. मग दुसरा आणि तिसरा ताडून बघायचे. जुळले, तर यजमानाच्या सवयींचा ठसा पुसला गेला असं मानायला आधार मिळतो.

आधार मिळतो म्हणालो, खात्री नाही म्हणालो. केन थॉम्सन यांनी १९८३च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात नेमकं यावरच बोट ठेवलं. कंपायलरमध्ये असं विष घालता येतं, की लॉगिनचा प्रोग्राम ओळखून त्यात चोरदरवाजा टाकायचा, आणि कंपायलरचाच सोर्स ओळखून त्यात हे विष पुन्हा पेरायचं. मग सोर्स स्वच्छ, दोष फक्त चालणाऱ्या प्रतीत. तीन काय, तीनशे वेळा बांधा, तो वारशाने पुढे जातो. डेव्हिड व्हीलर यांनी २००९च्या प्रबंधात यावर उतारा मांडला : दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरकडून तोच सोर्स बांधून घ्या, त्यातून पुन्हा एकदा बांधा, आणि निकाल बिट-बिट ताडून बघा. साक्षीदार एकाच घरचे नकोत, हे आपल्या कोर्टालाही माहीत आहे.

२०२३मध्ये ग्नू गीक्सने तर साखळीची सुरुवात ३५७ बाइटच्या एका बीजापर्यंत खाली आणली. एवढे बाइट माणूस डोळ्यांनी वाचू शकतो. तिथून पायरी-पायरीने जीसीसीपर्यंत चढायचं. अनवस्था संपली का? नाही, कारण ते ३५७ बाइटही कुठल्यातरी कर्नलवरच चालतात. पण डोळे झाकून विश्वास ठेवायची जागा आकसली, आणि ती कुठे आहे हे कळलं. ज्ञानाच्या क्षेत्रात एवढंही थोडं नाही.

जपायचं ते काय?

आता व्यवहाराचं. आपल्याकडे मोडी कागदांचे रुमाल दप्तरांत जपले आहेत. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, शब्दांत जागा सोडत नाहीत, ते वाचणारा स्वतःच्या माहितीने भरून काढतो. कागद राहिले आणि असा वाचक उरला नाही, तर काय राहिलं? सोर्स कोडचं तसंच आहे.

म्हणून एखादी सिस्टीम दीर्घकाळ सांभाळायची असेल, तर सोर्सबरोबर कंपायलरची नेमकी आवृत्ती, बांधणीची कॉन्फिगरेशन फाइल, बांधताना पडद्यावर उमटलेली सगळी नोंद आणि मूळ तयार प्रत, हे चारही जपा. मूळ प्रत नसेल तर नवी बांधलेली प्रत 'तीच' आहे हे ताडणार कशाशी? त्यातही लिनक्स कर्नल बांधणाऱ्याचं नाव, यंत्राचं नाव आणि वेळ आत कोरून ठेवतो, तेव्हा ती मूल्येही लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा तीच देता येतील.

जुनं वातावरणही ठेवा. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात २००५पासूनची पॅकेजेस मिळतात. मात्र कंटेनरमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. कंटेनर कर्नल यजमानाचाच वापरतो. काही नव्या लिनक्सांवर व्हीसिसकॉल ही जुनी सोय बंद असते, आणि मग सेंटओएस ६च्या कंटेनरमधला साधा शेलही उघडताक्षणी कोसळतो. अख्खं यंत्र नक्कल करणारा एम्युलेटर त्यापेक्षा सुरक्षित, हळू असला तरी.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त. वर्षातून एकदा ती सिस्टीम खरोखर बांधून बघा. एका वर्षात यजमान थोडा बदलतो आणि एखादीच चूक ओरडते, तेवढी दुरुस्त होते. पंधरा वर्षांनी बांधायला गेलात तर सगळ्या एकदम ओरडतात, आणि त्या गोंगाटात गप्प बसलेली चूक कोणाला ऐकू येणार? सोर्स आपल्यापाशी 'आहे' हे विधान मला म्हणून अपुरं वाटतं. तो गेल्या वर्षी कोणी, कशाने बांधला, हे सांगता आलं तरच ते पुरं होतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.