सोपाऱ्याहून नाशिकला : एका जुन्या वाटेची सहल

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. वर्गणी जमते, एस.टी.ची गाडी ठरते, आणि गुरुजींपुढे प्रश्न उभा राहतो की मुलांना न्यायचं कुठं? बहुतेक उत्तर एकच मिळतं : लांब. जितकं लांब जाऊ तितकी सहल मोठी, अशी आपली समजूत. मग दोन दिवसांत सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, आणि येताना सगळी मुलं गाडीत झोपलेली. पुढं निबंध लिहायला सांगितला की मुलं ठिकाणांची यादी देतात आणि शेवटी 'खूप मजा आली' हे वाक्य जोडतात. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना यादीच दाखवली, तर ती दुसरं काय लिहिणार?

म्हणून आज सहलीची एक निराळी रीत सुचवावी म्हणतो. सुटी सुटी ठिकाणं पाहण्याऐवजी एक वाट धरावी आणि तिच्या कडेची गावं पाहावीत. उदाहरणाला आमचं इगतपुरीच घेतो. इगतपुरीकराला विचारा, 'तुमच्याकडं पाहण्यासारखं काय?' तो म्हणेल, 'काय असणार? धुकं, पाऊस आणि स्टेशन.' पण इगतपुरी हा एका फार जुन्या वाटेचा उंबरठा आहे. या उंबरठ्याच्या एका बाजूला देश आणि नाशिकसारखं पुरातन शहर आहे, तर दुसऱ्या बाजूला कोकण आणि समुद्र.

सह्याद्रीची भिंत आपण सर्वांनी पाहिली आहे. कोकणात बंदराला उतरलेला माल देशावर न्यायचा, तर या भिंतीत कुठंतरी खिंड गाठावी लागते. थळघाट ही अशीच एक खिंड. बैलांचे तांडे या वाटेने गेले, पुढे मुंबई-आग्रा रस्ता इथूनच गेला, आणि १८६५ साली रेल्वेही इथूनच वर आली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पण सपाटीवरून धावणारी गाडी डोंगर चढून इगतपुरीला यायला आणखी जवळजवळ बारा वर्षे लागली. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत गाडी सुमारे ३०० मीटर उंची चढते. चढ ३७ला १ असा, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. आगगाडीच्या दृष्टीने हा चढ फार मोठा. म्हणून आजही बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. घाटमाथ्यावर घाटनदेवीचं देऊळ आहे. चढ संपला की तिथं हात जोडायचे, हा वाटसरूंचा जुना रिवाज. गुरुजी, भूगोलाचा एक अख्खा धडा इथं उभा आहे. मुलांना खिडकीशी बसवा आणि बोगदे मोजायला सांगा.

घाट आला की त्यावर पहारा आलाच. इगतपुरीजवळचा त्रिंगलवाडीचा किल्ला त्यासाठीच आहे. त्याच्या पायथ्याशी एक जैन लेणं आहे, आणि तिथल्या लेखात शके १२६६, म्हणजे इसवी सन १३४४, हे साल आहे. डोंगरातल्या या आडगावी कुणी लेणं का कोरावं? वाट इथून जात होती, वाटेवर व्यापारी होते, व्यापाऱ्यांजवळ पैसा होता आणि पुण्याची इच्छाही होती. वाट लक्षात घेतली की लेण्याचं कोडं पुष्कळसं सुटतं.

आता देशाच्या बाजूला जाऊ. इगतपुरीहून नाशिक सुमारे ४५ किलोमीटर. शहरात शिरण्याआधीच, मुंबईच्या रस्त्याला लागून, पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. नाव पांडवांचं असलं तरी ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. यातल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात मुलांना जरूर न्या. नहपान नावाच्या क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपली दानं तिथं भिंतीवर कोरून ठेवली आहेत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं उतरण्यासाठी धर्मशाळा बांधल्या, असं तो सांगतो. दमण, तापी, डहाणू वगैरे नद्यांवर लोकांना फुकट पार होता यावं म्हणून नावा ठेवल्या, असंही सांगतो. भरुकच्छ म्हणजे भडोच, गोवर्धन हे नाशिकजवळचंच, आणि शूर्पारक म्हणजे वसईजवळचं सोपारा. नाशिकच्या डोंगरात समुद्रकाठच्या बंदराचं नाव कोरलेलं आहे, बरं का!

याच लेण्यात गणिताच्या गुरुजींसाठीही काही आहे. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज महिना शेकडा १. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवराच्या वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. मुलांना पाटीवर मांडू द्या : २,०००चं वर्षाचं व्याज २४०, आणि २० गुणिले १२ सुद्धा २४०. हिशेब चोख जुळतो. ज्या काळात विणकरांच्या संघाकडे निर्धास्तपणे ठेव ठेवता येत होती, तो काळ मुलांना सनावळीपेक्षा या एका उदाहरणाने जास्त कळेल.

आता उलटं फिरू, आणि घाट उतरून लेण्यात नाव वाचलेलं ते सोपारा गाठू. कसाऱ्याहून लोकल मिळते, आणि दादरला गाडी बदलून नालासोपारा स्टेशनवर उतरता येतं. आज तिथं इमारतींची दाटी आहे. बंदराची खूण शोधावी लागते, कारण खाडी गाळाने भरत गेली आणि गलबतांचा काळ सरला. पण १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाखालून एक स्तूप उकरून काढला. त्याच साली सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक तुकडाही त्यांना मिळाला. ही आज्ञा कशाबद्दल असावी? चक्क प्रवासाबद्दल! गिरनारसारख्या ठिकाणी तिचा पूर्ण मजकूर वाचता येतो. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी फिरायला निघत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला भेट दिली आणि पुढं धर्मयात्रेची रीत पाडली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना दान द्यायचं आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांची गाठ घेऊन त्यांच्याशी बोलायचं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने 'कसं फिरावं' हे दगडावर लिहून ठेवलं, आणि तो दगड आपल्याच वाटेच्या टोकाशी निघाला.

सोपाऱ्याच्या शेजारी वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी हा मुलूख घेतला आणि खाडीच्या तोंडाशी तटबंदीचं शहर वसवलं. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालवर स्पेनच्या राजाचीच सत्ता होती, म्हणजे साठ वर्षे वसईची डोरही माद्रिदच्या हाती होती. आज तटाच्या आत छप्पर उडालेली चर्चं आणि झाडोऱ्यात उभ्या कमानी दिसतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी मोठी झुंज देऊन वसई घेतली. विजयी मराठ्यांनी तिथल्या चर्चांतल्या घंटा आणून देवळांना वाहिल्या. त्यातली एक नाशिकला गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळाच्या वेशीवर टांगलेली आहे. देऊळ १७४७चं, घंटेवर साल १७२१चं. गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या आणि या घंटेच्या खुणेवर सांगतात. समुद्राकाठची घंटा नदीच्या पुराचं माप झाली, ती अशी.

परदेशात अशा वाटांची कदर कशी करतात ते पाहण्याजोगं आहे. स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला नावाचं तीर्थक्षेत्र आहे. आपल्या पंढरीच्या वारीसारखे लोक शेकडो वर्षे तिथं पायी जात आले, आजही जातात. १९९३ साली युनेस्कोने स्पेनमधली ती सगळी वाटच, तिच्या कडेची गावं, पूल आणि धर्मशाळा यांसकट, जागतिक वारसा म्हणून नोंदली. वाटेवरच्या लहान खेड्यालाही त्यामुळे आपली ओळख राहिली.

आपल्या वाटेचं काय? जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी आता घाट काही मिनिटांत ओलांडतात. ही सोय चांगलीच आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण डोंगराच्या पोटातून जाणाऱ्याला डोंगर दिसत नाही. घाटाखालच्या आणि घाटावरच्या पोरांना जर आपल्या दाराशी काय आहे हेच कुणी सांगितलं नाही, तर 'आमच्याकडं काय आहे हो?' हेच वाक्य ती जन्मभर म्हणतील. ज्याला लेण्यातल्या अक्षराची किंमत ठाऊक नाही, तोच त्यावर खिळ्याने आपलं नाव कोरतो. अशी गिरबटलेली भिंत पुन्हा कोरी करता येत नाही, आणि त्याखालचं अक्षर कायमचं जातं.

तेव्हा गुरुजनांना विनंती अशी. या वर्षी लांबची एक सहल कमी करा आणि ही वाट तीन रविवारांत वाटून घ्या : एक घाट आणि त्रिंगलवाडीचा, एक नाशिकचा, एक सोपारा-वसईचा. दिवस थंडीचे धरा, कारण पावसाळ्यात किल्ल्याच्या पायऱ्या निसरड्या असतात. निघण्याआधी वर्गात फळ्यावर वाटेचा नकाशा काढा. प्रत्येक मुलाजवळ वही-पेन्सिल असू द्या. एका ठिकाणी निदान दोन तास थांबा. आणि अशोकाने सांगितलेलं एक काम विसरू नका : गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांशी मुलांना बोलू द्या. घाटात पूर्वी काय चालायचं, गाडीत कोणता माल असायचा, पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे ती सांगतील. मुलांनी ते ऐकून घरी येऊन लिहावं, आणि शाळेने त्या वह्या जपून ठेवाव्यात.