अळूचं पान आणि रक्ताची नळी

पावसाळ्यात गिरीज गावातल्या वाडीत अळूच्या पानावर पडलेला थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पान कोरडंच राहतं. सिलिकॉनचा स्वभाव असाच. १९४०च्या दशकात संशोधकांनी काचनळ्यांना आतून सिलिकॉनचा लेप दिला, तेव्हा काचेला लागताच गोठू लागणारं रक्त त्यांत बराच वेळ पातळ राहिलं.

मग सिलिकॉन शरीरात गेलं. १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर या यंत्रकामातल्या बापाने, तान्ह्या मुलाच्या डोक्यात साचणारं पाणी रक्तात सोडण्यासाठी सिलिकॉन रबराची झडप घडवली. हे रबर मऊ होतं आणि वाफेत निर्जंतुक करता येत होतं. आज पेसमेकरच्या तारांचं वेष्टन, डायलिसिसचे काही कॅथेटर, हार्ट-लंग मशीनच्या पंपातली नळी यांसाठी ते वापरतात.

पण गोठणं लांबलं म्हणजे टळलं नाही. रक्त लागताच काही क्षणांत फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं सिलिकॉनवर बसतात, त्यांना प्लेटलेट्स बिलगतात आणि गुठळी धरते. मानेच्या शिरेत कॅथेटर ठेवून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला ही भीती रोजचीच. म्हणून दोन डायलिसिसच्या मधल्या काळात नळीत बहुधा हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध भरून ठेवतात.

उपाय वरवर सोपा वाटतो: प्रथिनं बसू नयेत म्हणून पृष्ठभागच पाणी धरणारा करायचा. ऑक्सिजन प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित ऑक्सिजन वायूने, तो तसा होतोही. पण थोड्याच दिवसांत मूळ स्वभावावर येतो. सिलिकॉनच्या साखळ्या शून्याखाली सुमारे १२० अंशांपर्यंत हलत्या राहतात, त्यामुळे आतल्या साखळ्या वर येऊन नवा थर झाकून टाकतात. म्हणून नुसता लेप पुरत नाही, पक्का रासायनिक बंध लागतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या अशा बांधल्या की त्या पाण्याची गादी धरतात आणि प्रथिनांना टेकू देत नाहीत. कुणी हेपारिनच बांधतं, तर कुणी फॉस्फोरिलकोलिन, म्हणजे तांबड्या पेशीच्या बाहेरच्या आवरणाची नक्कल. रक्ताशी जुळतं की नाही हे आयएसओ १०९९३ मानकाच्या चौथ्या भागानुसार तपासतात.

हा खटाटोप कशासाठी? नळी तुंबली आणि मोकळी झाली नाही, तर बदलावी लागते. पुन्हापुन्हा तसं झालं की शीरही निकामी होऊ शकते. माणसाच्या अंगात अशा मोठ्या शिरा मोजक्याच असतात.