घाटावरच्या माणसाची सागरसफर

समुद्राचा विषय आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी बसलेल्या औरंगाबादेत, निघाला की ऐकणाऱ्यांच्या चर्येवर परकेपणाची छटा उमटते. कोकणातील मनुष्यास समुद्र हा शेजारी. आम्हां घाटावरच्या लोकांस तो भूगोलाच्या पुस्तकातील एक धडा. पाणी म्हटले म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे पैठणचा नाथसागर, आणि तो यंदा भरेल की नाही ही चिंता. अशा या गावातून अलीकडे काही कुटुंबे मोठ्या आगबोटीत बसून चार-पाच दिवस समुद्रावर हिंडावयास जाऊ लागली आहेत. या प्रकारास ‘क्रूझ’ हे नाव रूढ झाले आहे; आपण त्यास सागरसफर म्हणू. ती आपल्यासारख्यांनी करावी काय, आणि करावयाची तर कोणत्या दृष्टीने, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तो पुण्यास नोकरीस असलेल्या चिरंजीवांमुळे. आईच्या साठीनिमित्त आम्हां उभयतांस बोटीने पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारे घर आक्का म्हणते, त्यांस ही गोष्ट मुळीच रुचली नाही. “या वयात ही कसली हौस? तेवढ्या पैशांत काशी-रामेश्वर होईल,” असे त्या म्हणाल्या. ज्यांची साठी, त्या मात्र गप्प होत्या. चाळीस वर्षे ज्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही, त्यांचे गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून आक्कांच्या आक्षेपाचा विचार करणे आम्हांस प्राप्त झाले.

आक्षेपाचे मूळ जुने आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन हा उत्तरेकडील लोकांचा विशेष आचार म्हणून नोंदला आहे, आणि त्याच सूत्रात अन्यत्र पातित्य आणणाऱ्या कर्मांत त्याची गणना केली आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाचा स्वीकार हा विषय आला. वाचकांनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. जी गोष्ट कोणी करीतच नाही तिचा निषेध करण्याची शास्त्रकारांस गरज पडत नाही. लोक जात होते म्हणूनच बंदी आली. आणि कलिवर्ज्यातील खरा प्रश्न पाण्याचा नसून, परत आलेल्यास घरात घ्यावे की नाही, हा होता.

लोक जात होते याचा पुरावा आमच्या जिल्ह्यातच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणचा उल्लेख असून, ते भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे व तेथून अकीकाचे खडे गाड्यांवर लादून बंदरात नेत, असे सांगितले आहे. सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तर तीन डोलकाठ्यांचे, रांजणांनी भरलेले जहाज रंगविले आहे. ती कथा पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. त्याचे गाव शूर्पारक, म्हणजे मुंबईजवळचे आजचे सोपारे. त्याचा भाऊ चंदनासाठी समुद्रापार गेला, वादळात सापडला, आणि भिक्षू झालेल्या पूर्णाने त्यास तारले. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात, चित्रकारास वादळातले जहाज रेखाटावेसे वाटले, यावरून त्या काळी घाटावरच्या माणसास समुद्र परका नव्हता हे उघड होते. परकेपणा मागाहून आला.

तो दूर करण्याची किंमत कोणी दिली हेही विसरता कामा नये. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील सभेत, आपण अमेरिकेस का जात आहो, हे स्वमुखाने सांगून एप्रिलात कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. वैद्यकीची पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास निवर्तल्या. त्यांनी विद्येसाठी जे केले त्याची आणि आजच्या विहाराची तुलना होऊ शकत नाही. तथापि एखाद्या गृहिणीने बोटीवर पाय ठेवताना आज कोणी प्रायश्चित्ताची गोष्ट काढीत नाही, याचे श्रेय अशांकडेच जाते.

आता प्रत्यक्ष सफरीकडे वळू. मुंबईहून अशा सफरी नियमित चालविण्याचा उद्योग कॉर्डेलिया या कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरात आरंभिला. तिची ‘एम्प्रेस’ ही नौका १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, सुमारे २१० मीटर लांबीची. गोवे, कोची, लक्षद्वीप ही या मार्गावरील बंदरे. आमच्याकडून देवगिरी एक्स्प्रेसने निघालेला मनुष्य मुंबईस ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, तेथून बॅलार्ड पियर अगदी जवळ आहे. तेव्हा समुद्र आपणांस वाटतो तितका दूर नाही. बोटीवर निवासाच्या खोल्या, भोजनगृहे, नाटकगृह, पोहण्याचा तलाव, सर्व काही असते आणि शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. परंतु येथेच एक धोका आहे. करमणुकीची इतकी साधने जवळ असता पुष्कळ प्रवासी समुद्राकडे पाहतच नाहीत, आणि बंदर आले तरी बोटीवरून उतरण्याचा कंटाळा करतात. त्यांनी भाडे सफरीचे भरले, पण राहिले ते एका मोठ्या हॉटेलात.

बंदरात उतरावे ते का, याचे एक उदाहरण कोचीचे देतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवे सोडून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे दक्षिणेकडे गेली. त्यांपैकी अनेक कोचीस स्थिरावली. मट्टांचेरी भागातील त्यांचे तिरुमल देवालय आजही नांदते आहे आणि त्या परिसरात कोंकणी कानी पडते. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या कामी इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण यांचे मोठे साहाय्य झाले. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेले कोंकणी प्रमाणपत्र १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे छापलेल्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांत आहे. युरोपात छापल्या गेलेल्या आरंभीच्या नागरी अक्षरांत त्याची गणना होते. ज्यांनी जन्मभर मुलांस नागरी अक्षरे गिरवावयास शिकविली, त्यांस हे बंदर केवळ नारळीची झाडे व मिऱ्यांची दुकाने एवढेच कसे राहील?

लक्षद्वीपाची गोष्ट वेगळी. तेथे मोठी नौका प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहते आणि माणसांस लहान होड्यांतून आत नेतात. ही एकंदर छत्तीस बेटे, त्यांची सारी जमीन अवघी बत्तीस चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या गणनेप्रमाणे वस्ती सुमारे चौसष्ट हजार. भाषा बहुतेक ठिकाणी मल्याळम. बेटावर नदी नाही. पावसाचे मुरलेले गोडे पाणी वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर, पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा अधिक झाला की खालचे खारे वर येते. म्हणून २००५ साली कवरत्ती येथे समुद्राचेच पाणी गोडे करण्याचे यंत्र उभारले गेले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील माणसास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्या बेटावर आपल्या सौभाग्यवतींनी पाय धुवावयास तांब्याभर पाणी पुढे आले असता ते परत केले आणि समुद्रातच पाय धुतले. पाहुण्याने यजमानाच्या आडाकडे पाहून पाणी मागावे, हा आपल्याच घरातला संस्कार. तो सफरीवरही सोडू नये.

जाणाऱ्यांस काही सूचना. लक्षद्वीपात जावयास परवाना लागतो. तो बोटीच्या व्यवस्थापकांमार्फत मिळतो की आपण काढावयाचा, हे आधी विचारावे. पावसाळ्यात पश्चिम समुद्र टाळावा. नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात न जाण्याचा कोळ्यांचा नेम अनुभवातून आला आहे. १९४७ च्या १७ जुलै रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसे बुडाली, तो दिवस भर पावसाळ्यातलाच होता. बोट सुटतेवेळी संकटप्रसंगी कोठे जमावयाचे याची कवायत घेतात. ती चुकवू नये. ज्यांस बोट लागते त्यांनी मधल्या मजल्यावरील, नौकेच्या मध्यभागाची खोली घ्यावी. तेथे हेलकावा कमी बसतो. औषध आपल्या वैद्याच्या सल्ल्याने बरोबर असू द्यावे.

राहिला आक्कांचा प्रश्न. काशी-रामेश्वर अवश्य करावे. आमचेही मन तिकडे आहे. परंतु यात्रा व सफर यांत एकीने दुसरीची जागा घ्यावी असे नाही. पाच दिवस आमच्या घरातील मंडळींनी चूल पाहिली नाही, कोणाचे ताट वाढले नाही, आणि पहाटे वरच्या मजल्यावर उभे राहून चोहोंकडे पाण्याखेरीज काहीच नसलेले जग पाहिले. त्यावर त्यांनी विशेष काही भाष्य केले नाही. घरी आल्यावर मात्र नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकातील प्रवाळबेटांचा धडा त्यांनी स्वतः समजावून सांगितला, आणि आक्का शेजारी बसून ऐकत होत्या. ज्या घरांत हा प्रश्न निघाला असेल त्यांनी पैशांचा हिशेब जरूर करावा. मात्र त्या हिशेबात घरातील गृहिणीची इच्छा कोठे मांडली आहे, हेही एकदा पाहून घ्यावे.