कँटोनाला खटकते काय?

फुटबॉलपटू एरिक कँटोना १९९२ ते १९९७ या काळात मँचेस्टर युनायटेडकडून खेळला आणि चार वेळा लीग विजेता ठरला. क्लबचे नवे कर्तेधर्ते जिम रॅटक्लिफ सगळेच मोडीत काढत आहेत आणि माणसांची कदर करत नाहीत, अशी जाहीर टीका त्याने २०२५ मध्ये केली. त्यामागचे संदर्भ असे :

• मालकी : २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने क्लब ताब्यात घेतला. रॅटक्लिफ फेब्रुवारी २०२४ मध्ये भागीदार झाले.

• माणसे : काटकसरीच्या नावाखाली शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. सर अॅलेक्स फर्ग्युसन यांचे मानधनाचे राजदूतपदही बंद झाले.

• मैदान : ओल्ड ट्रॅफर्ड १९१० पासूनचे घर. त्याच्या शेजारी एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमची योजना मार्च २०२५ मध्ये जाहीर झाली. हायबरी हे आपले जुने मैदान सोडताना आर्सेनल क्लबने आत्मा गमावला, असे कँटोनाचे मत आहे.

• मुळे : १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या संघात क्लबने स्वतः घडवलेला किमान एक खेळाडू असतो.

• निकाल : २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये १५ वा क्रमांक.

• पर्याय : ग्लेझरविरोधी चाहत्यांनी २००५ मध्येच 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा वेगळा क्लब स्थापन केला. तिथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते. क्लब चाहत्यांचा असतो हे तिथे घटनेतच लिहिलेले आहे. मोठ्या क्लबांनी निदान मोठे निर्णय घेताना तरी चाहत्यांना विचारायलाच हवे.