मार्क ट्वेनची देणी

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांना इतिहासकार आजही 'गिल्डेड एज' म्हणतात. हे नाव त्यांना मिळालं एका कादंबरीवरून. १८७३ साली मार्क ट्वेन आणि त्याचा शेजारी चार्ल्स डडली वॉर्नर यांनी मिळून ती लिहिली. जमिनीचे सट्टे, रेल्वेच्या नावाखाली उठवलेल्या हवेतल्या योजना, वॉशिंग्टनमधली विकाऊ मतं, सगळ्यांची तिच्यात यथेच्छ टवाळी आहे. झटपट श्रीमंतीच्या ज्या वेडाला ट्वेन हसला, त्याच वेडाने पुढे त्याला धुऊन काढलं. त्याच्या चरित्रातला १८८० ते १९०० हा तुकडा म्हणूनच मला मिसिसिपीवरच्या बहुचर्चित बालपणाहून अधिक बोलका वाटतो.

वेड घरातलंच होतं. वडील जॉन मार्शल क्लेमेन्स यांनी टेनेसीत सुमारे ७५,००० एकर जमीन मातीमोलाने घेऊन ठेवली होती. कधी ना कधी तिचं सोनं होईल आणि पोरं राजासारखी राहतील, या भरवशावर ते जगले आणि १८४७ मध्ये कफल्लक वारले. सॅम्युएल, म्हणजे पुढचा मार्क ट्वेन, तेव्हा ११ वर्षांचा होता. लवकरच शाळा सुटली आणि तो हॅनिबल गावातल्या छापखान्यात उमेदवारीला लागला. पुढे नदीवरच्या आगबोटींचा पायलट, नेवाडात चांदी शोधणारा, वार्ताहर, व्याख्याता अशी वळणं आली. 'मार्क ट्वेन' हे नाव गाजलं. १८७० मध्ये एल्मायरा इथल्या कोळशाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, ऑलिव्हिया लँग्डनशी, लग्न झालं आणि चार वर्षांनी हार्टफर्डमध्ये मोठं घर उभं राहिलं. पण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले ते हात तो विसरला नाही.

१८८० मध्ये जेम्स पेज नावाचा संशोधक त्याला भेटला. खिळे जुळवणारं यंत्र तो बांधत होता. ट्वेनने ते पाहिलं आणि पाघळला. दुसऱ्या कुणा लेखकाला त्या यंत्राचं इतकं अप्रूप वाटलं नसतं. एकेक अक्षर उचलून ओळ भरायची, दोन शब्दांमधल्या जागा सारख्या करायच्या आणि छपाई झाली की तेच खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे, हे काम किती जीव खातं ते त्याला ठाऊक होतं. पेजचं यंत्र यातली प्रत्येक गोष्ट करणार होतं, अगदी जुळाऱ्यासारखी. घोडंही तिथेच अडलं. माणसाच्या हाताची नक्कल करता करता त्याच्या सुट्या भागांची संख्या १८,०००पर्यंत गेली. चाललं की थक्क करायचं, पण चालायचं क्वचित. तिकडे ऑटमार मेर्गेनथालर या घड्याळजीने खिळे उचलण्याचा नादच सोडला. त्याचं लायनोटाइप वितळलेल्या धातूची अख्खी ओळ ओतायचं आणि काम झालं की ती पुन्हा वितळवायचं. खिळे घरात टाकण्याचा प्रश्नच उरला नाही. १८८६ मध्ये 'न्यू यॉर्क ट्रिब्यून' त्यावर निघू लागला. ट्वेन मात्र पेजला महिन्यामागून महिने पैसे पुरवत राहिला. सुमारे तीन लाख डॉलर त्यात गेले. ग्रॅहॅम बेलच्या टेलिफोनमध्ये पैसे घालायला त्याने नकार दिला होता, हेही इथे नोंदवून ठेवावं.

खिशाला दुसरं भोक पाडलं प्रकाशनगृहाने. प्रकाशक आपल्याला लुटतात या रागातून त्याने १८८४ मध्ये भाचजावई चार्ल्स वेब्स्टर याच्या नावाने स्वतःची कंपनी काढली. सुरुवात दृष्ट लागावी अशी झाली. 'हकलबरी फिन' निघालं. पाठोपाठ माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या आठवणी आल्या. ग्रँट वॉल स्ट्रीटवरच्या एका भागीदारीत बुडाले होते आणि घशाच्या कर्करोगाने पोखरले होते. मरणाच्या काही दिवस आधी, जुलै १८८५ मध्ये त्यांनी हस्तलिखित संपवलं. विक्रेत्यांनी दारोदार फिरून त्या दोन खंडांची आगाऊ मागणी गोळा केली आणि १८८६ मध्ये ग्रँट यांच्या पत्नीच्या हाती २ लाख डॉलरचा धनादेश पडला. या यशाने ट्वेनचं डोकं फिरलं असं म्हणायला हरकत नाही. पोप लिओ तेरावे यांचं चरित्र काढलं तर जगातला प्रत्येक कॅथलिक ते घेईल, असा हिशेब त्याने मांडला. कॅथलिकांनी तो मानला नाही. त्याहून वाईट फटका बसला अमेरिकी साहित्याच्या एका अनेकखंडी संग्रहाचा. तो हप्त्याहप्त्याने विकला जायचा. छपाईचा आणि दलालीचा खर्च आज, वसुली पुढच्या काही वर्षांत. माल जितका खपे तितकी तिजोरी रिकामी होई. १८९१ मध्ये हार्टफर्डचं घर बंद करून कुटुंब खर्च वाचवायला युरोपात गेलं. १८९३ च्या आर्थिक घबराटीत बँकांनी हात आखडले आणि १८ एप्रिल १८९४ रोजी कंपनीचं दिवाळं वाजलं. त्याच वर्षी 'शिकागो हेरल्ड'च्या कचेरीत पेजच्या यंत्राची चाचणी झाली. ते पुन्हा पुन्हा बंद पडलं आणि कायमचं निकालात निघालं.

यातून त्याला सोडवणारा माणूस मोठा मजेशीर आहे. हेन्री रॉजर्स हा स्टँडर्ड ऑइलचा बडा अधिकारी, धंद्यात निर्दय म्हणून कुप्रसिद्ध. पण ट्वेनच्या पुस्तकांवर त्याचं प्रेम होतं. ऑलिव्हियाने स्वतःचे ६०,००० डॉलर कंपनीला दिले होते. रॉजर्सने तिला पहिली धनको ठरवून पुस्तकांचे हक्क तिच्या नावावर करवले आणि उरलेल्या धनकोंना थोपवून धरलं. कायद्याने ट्वेनला थोडक्यात सुटता आलं असतं. ऑलिव्हिया आणि रॉजर्स दोघांनीही ते नाकारलं. पै न् पै फेडायची ठरली. या प्रामाणिकपणाची वर्तमानपत्रांनी तेव्हा खूप वाहवा केली आणि तो खोटा नव्हता. मात्र खरी संपत्ती आधीच बायकोच्या नावावर सुरक्षित होती, ही बाजू त्या कौतुकात झाकली गेली.

साठीला टेकलेला, गळवाने बेजार झालेला ट्वेन जुलै १८९५ मध्ये क्लीव्हलंडहून व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला. सोबत ऑलिव्हिया आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन मागे राहिल्या. फिजी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करत ही मंडळी जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत उतरली. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आज मोडकळीला आलेली एस्प्लनेड मॅन्शन, हा त्यांचा मुक्काम. खोकल्याने ट्वेन आधी अंथरुणाला खिळला. मग नॉव्हेल्टी थिएटरात व्याख्यानं झाली, पुण्यातही एक झालं. मलबार हिलवरचा पारशांचा दोखमा त्याने पाहिला, जैन मंदिर पाहिलं, गॅलरीतल्या आगाऊ कावळ्यांवर पानं लिहिली. मुंबईही तेव्हा एका उंबरठ्यावर होती. त्याच हॉटेलात ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि सप्टेंबरात मांडवीत प्लेगने डोकं वर काढलं.

या मुक्कामातली एक घटना मला साऱ्या प्रवासवर्णनाचा गाभा वाटते. हॉटेलातल्या एका धिप्पाड जर्मनाने, चूक काय ते न सांगता, एका नोकराच्या थोबाडीत मारली. नोकराने ती मुकाट्याने सोसली. ट्वेनला क्षणात पन्नास वर्षांपूर्वीचं मिसुरी आठवलं. आपले वडील सज्जन, मुलावर क्वचितच हात उगारणारे. पण घरातल्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी फटका मारताना त्यांना काही वाटायचं नाही आणि आपल्यालाही तेव्हा ते स्वाभाविक वाटायचं. मालकाने भिरकावलेल्या लोहखनिजाच्या ढेकळाने मेलेला एक गुलामही त्याला आठवला. 'हकलबरी फिन' लिहिणाऱ्याला गुलामगिरी नव्याने समजली असं नाही. पण घरचा जुना अन्याय आणि साम्राज्याचा चालू अन्याय यांची गाठ तिथे पडली. याच ट्वेनने मुंबईत ठेवलेल्या आपल्या नोकराचं नाव उच्चारायला लांबलचक म्हणून त्याला 'सेटन', म्हणजे सैतान, करून टाकलं आणि ते विनोदाने लिहिलंही. त्याला नुसता पुण्यवान ठरवणाऱ्यांनी हे वगळू नये.

पुढे बडोदा, अलाहाबाद, बनारस, कलकत्ता आणि तिथून मॉरिशस, दक्षिण आफ्रिका करून ३१ जुलै १८९६ रोजी ते इंग्लंडला पोचले. राहिलेल्या दोघी मुली तिकडे यायच्या होत्या. त्याऐवजी सूझी आजारी असल्याचं कळलं. ऑलिव्हिया आणि क्लारा तातडीने जहाजावर चढल्या. त्या समुद्रात असतानाच, १८ ऑगस्टला, हार्टफर्डच्या त्याच घरात सूझी मेंदूज्वराने गेली. ती २४ वर्षांची होती. गिल्डफर्डमध्ये एकट्या राहिलेल्या बापाला तारेने कळलं. देणी नसती तर हा प्रवास नसता, आणि दिवाळ्याचा दोष तर सगळा आपलाच, हा हिशेब त्याने स्वतःशी मांडला आणि त्याची टोचणी त्याला शेवटपर्यंत राहिली. त्या हिवाळ्यात लंडनमध्ये बसून त्याने प्रवासवर्णन लिहिलं, कारण तेही कर्जाच्या हिशेबात धरलेलं होतं. 'फॉलोइंग द इक्वेटर' १८९७ मध्ये निघालं. त्यात इतका विनोद आहे याचंच मला नवल वाटत आलं आहे. १८९८ च्या सुरुवातीला देणी फिटली.

ऑक्टोबर १९०० मध्ये तो न्यू यॉर्कला परतला, तेव्हा स्वागत वीराचं झालं. त्याने मात्र आपण साम्राज्यविरोधी असल्याचं जाहीर केलं. स्पेनशी झालेल्या युद्धाला त्याने आधी पाठिंबा दिला होता. फिलिपिन्समध्ये अमेरिका स्वतःच मालक होऊन बसते आहे हे दिसल्यावर त्याचं मत फिरलं. फेब्रुवारी १९०१ च्या 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'मध्ये त्याने मिशनरी आणि सेनापती दोघांनाही सोलून काढलं. पाठोपाठ शिव्याही खाल्ल्या.

धंद्यातलं शहाणपण मात्र आलं नाही. कर्ज फिटतं न फिटतं तोच व्हिएन्नामध्ये यान श्चेपानिक या तरुण संशोधकाच्या विणकामाची नक्षी काढणाऱ्या यंत्राचे अमेरिकी हक्क मिळवायला तो धावला. सुदैवाने ते जमलं नाही. मग प्लाझमॉन हे दुधापासून केलेलं पौष्टिक चूर्ण त्याच्या मनात भरलं. त्याचा प्रचार त्याने मित्रांमध्ये जोरात केला, अमेरिकेतल्या कंपनीत हजारो डॉलर घातले आणि तेही बुडाले.