शब्द हुडकणारा ग्रेप

जोंधळ्याच्या राशीत कानातली कुडी पडली तर आई काय करते? सूप घेऊन बसते आणि सगळी रास पाखडते. संगणकातही असे पाखडून देणारा एक प्रोग्राम आहे. त्याचे नाव ग्रेप. त्याची माहिती मी आज सांगणार आहे.

ग्रेपला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टाइप करायची. आधी ग्रेप, मग हवा तो शब्द, मग फाइलीचे नाव. एंटर दाबले की तो फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो आणि ज्या ओळींत तो शब्द असेल तेवढ्याच ओळी दाखवतो. मूळ फाइलीत एक काना-मात्रासुद्धा बदलत नाही.

ग्रेप केन थॉम्प्सन यांनी लिहिला. ते अमेरिकेत बेल लॅब्स या संस्थेत काम करीत. ही १९७३ सालची गोष्ट. त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन यांना ८५ जुन्या निबंधांचा अभ्यास करायचा होता. त्यातले काही निबंध कोणी लिहिले ते शोधायचे होते. पण एवढा मजकूर 'ईडी' नावाच्या प्रोग्रामात मावेना. म्हणून ईडीमधली शोधायची सोय वेगळी काढली, तोच ग्रेप. ईडीत सगळ्या ओळी पाहा म्हणायला जी, शोधायच्या नमुन्याच्या जागी आर-ई आणि दाखव म्हणायला पी असे लिहीत. ही अक्षरे जोडली की ग्रेप!

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. आमची आणि काकांची विहीर एकच आहे. यंदा उन्हाळ्यात पाणी घटले आणि पाळीवरून भांडण झाले. बाबा म्हणाले, "पाळी चार दिवसांची." काका म्हणाले, "तीनच." दोघे बोलेनासे झाले. मला चुलतभावाबरोबर खेळायचीही चोरी झाली.

आजोबा रोजची टिपणे लिहीत. त्यांच्या २२ वह्या आहेत. माझा दादा कॉलेजात शिकतो. त्याने त्या सगळ्या संगणकात टाइप केल्या आहेत. तो म्हणाला, "थांबा, ग्रेपला विचारू."

आधी त्याने 'पाणी' शब्द दिला. मग काय! पडदाच भरून गेला. मग 'विहीर' दिला. नऊ ओळी आल्या, पण पाळीचे काहीच नाही. बाबा म्हणाले, "नसेलच लिहिलं."

तेवढ्यात मला आठवले. मी शुद्धलेखनात 'विहीरीवर' लिहिले होते तेव्हा गुरुजींनी लाल खूण केली होती. विहीर लिहिताना दुसरी वेलांटी, पण विहिरीवर लिहिताना 'हि'ला पहिली. मी म्हटले, "दादा, आजोबांनी विहिरीवर, विहिरीचे असं लिहिलं असेल!" दादा म्हणाला, "शाब्बास गं!" ग्रेप अक्षराला अक्षर लावून पाहतो. वेलांटी बदलली की त्याला तो शब्द निराळा वाटतो. त्यावर उपाय आहे. ग्रेपमध्ये टिंब म्हणजे 'इथे कोणतेही एक चिन्ह चालेल'. संगणक वेलांटी वेगळे चिन्ह म्हणून मोजतो. दादाने 'ह'च्या वेलांटीऐवजी टिंब दिले, मग दोन्ही शब्द सापडू लागले.

आज्ञेत एन जोडला की ओळीचा क्रमांक कळतो. १९९४ च्या वहीत २१२ वी ओळ निघाली, "आज विहिरीच्या पाळ्या ठरविल्या." ए आणि तीन जोडले की खालच्या तीन ओळीही दिसतात. तिथे होते, "चार दिवस थोरल्याचे. चार दिवस धाकट्याचे. पाणी घटल्यास तीन-तीन."

म्हणजे काकांचे खरे होते. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते काकांच्या ओट्यावर गेले आणि चहा पिऊनच परत आले.

ग्रेप आपल्याला आवडेल ते दाखवत नाही, लिहिलेले असेल तेच दाखवतो. पण विचारायचे कसे ते आपल्याला यावे लागते. म्हणून शुद्धलेखन नीट करा.

दादा दिवाळीला घरी येणार आहे. कोणाला ग्रेप पाहायचा असेल तर आमच्याकडे या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी