मुद्राराक्षसातील दोन मित्र

‘मुद्राराक्षस’ हे नाव ऐकताच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे शेंडीची गाठ सोडलेला, प्रतिज्ञा करणारा चाणक्य उभा राहतो. विशाखदत्ताचे हे सात अंकी संस्कृत नाटक हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे असून ते राजकारणाचे नाटक म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात शृंगार नाही आणि विदूषकही नाही. परंतु चाणक्याच्या बुद्धीकडेच पाहात राहिले म्हणजे एक गोष्ट नजरेतून निसटते. ती ही की, या साऱ्या डावाची कळ एका जवाहिऱ्याच्या मैत्रीत दडलेली आहे.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. येथील राक्षस हा शिंगे-सुळे असलेला प्राणी नव्हे. तो नंद राजांचा अमात्य. नंदकुळाचा उच्छेद होऊन पाटलिपुत्राच्या सिंहासनावर चंद्रगुप्त मौर्य बसला, तेव्हा राक्षस नगर सोडून गेला आणि धन्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी पर्वतप्रदेशीच्या मलयकेतूला जाऊन मिळाला. धनी उरला नाही, वंश उरला नाही, कोणी वेतन देणार नाही. तरीही ज्याची स्वामिभक्ती ढळत नाही असा हा पुरुष. असा मंत्री चंद्रगुप्ताला मिळावा, हीच चाणक्याची इच्छा. त्याला राक्षस मारावयाचा नव्हता, जिंकावयाचा होता.

जाताना राक्षसाने आपली बायकामुले चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी ठेविली. व्यापाऱ्याकडे लोक पैसा ठेवतात, दागिने ठेवतात. राक्षसाने माणसे ठेविली. निघताना त्याच्या पत्नीने विरहात तेवढाच विरंगुळा म्हणून त्याच्या बोटातील नाममुद्रा मागून घेतली. पुढे चाणक्याचा एक हेर यमाचा चित्रपट दाखवीत त्या घरी गेला असता पाचएक वर्षांचा एक मुलगा कुतूहलाने दाराबाहेर आला. त्याला आत ओढू पाहणाऱ्या स्त्रीच्या बोटातून ती पुरुषी मापाची अंगठी निसटली आणि घरंगळत हेराच्या पायांशी आली. पत्नीने प्रेमाने जपलेली वस्तूच पतीच्या घाताला कारण झाली. तिच्याच छापाने पुढे खोटे पत्र मोहोरबंद झाले.

चाणक्याने चंदनदासाला बोलावून राक्षसाचे कुटुंब स्वाधीन करावयास सांगितले. जवाहिरी प्रथम म्हणाला, ती माझ्याकडे नाहीत. मग म्हणाला, पूर्वी होती, आता कोठे आहेत ते ठाऊक नाही. येथे कोणी विद्यार्थी विचारील, हे असत्य नव्हे काय? असत्यच आहे, आणि तेही कच्चे. त्याच्या दोन्ही उत्तरांचा मेळ बसत नाही. कपटात मुरलेला माणस असा अडखळत नाही. बोलणे चालू असतानाच बाहेरून राक्षसाच्या दुसऱ्या एका मित्राला सुळावर देण्यास नेत असल्याचा कोलाहल ऐकू येतो. तो ऐकूनही चंदनदास सांगतो की, ती माणसे घरात असती तरी मी दिली नसती. चाणक्य मनात त्याला शिबिराजाची उपमा देतो आणि मुखाने त्याची मालमत्ता जप्त करून त्याला कुटुंबासह कैदेत टाकण्याची आज्ञा देतो. हा मित्रासाठी जसा प्राण देतो, तसा तो मित्रही याच्यासाठी देईल, हे चाणक्याने त्याच क्षणी हेरले. शत्रूच्या सद्गुणावर इतका भरवसा ठेवणारा मुत्सद्दी विरळा. तरीपण त्या भरवशाचे ओझे एका निरपराध माणसाच्या खांद्यावर पडले, हे आठवले म्हणजे चाणक्याचे कौतुक करताना माझा हात आखडतो.

मधल्या अंकांत खोटे पत्र, लटके भांडण आणि वेषांतरे यांचे जाळे विणले जाते व मलयकेतू राक्षसाला हाकलून देतो. सहाव्या अंकात राक्षस एकटाच पाटलिपुत्राबाहेरील जुन्या उद्यानात येतो. तेथे एक मनुष्य गळफास घेण्याच्या तयारीत असतो. कारण विचारता तो सांगतो की, चंदनदास आज सुळावर जाणार म्हणून त्याचा मित्र अग्निप्रवेश करीत आहे, आणि त्या मित्राच्या मरणाची वार्ता कानी येण्यापूर्वी मला मरावयाचे आहे. राक्षस तरवार उपसतो. तो मनुष्य म्हणतो की, शस्त्रधारी दिसताच मारेकरी वध उरकून टाकतात. तो मनुष्य चाणक्याचाच हस्तक असतो. पण राक्षसाला ते कोठले ठाऊक? तो तरवार टाकून देतो आणि रिकाम्या हातांनी वधस्थानाकडे निघतो.

सातव्या अंकात खांद्यावर सूळ घेतलेला चंदनदास, मागून त्याची पत्नी आणि लहान मुलगा. या दोघांना राक्षसासाठी मरशील का, असे कोणीच विचारले नव्हते. नाटकातील ही जागा मला सर्वांत कठीण वाटते. मुलगा विचारतो, बाबांवाचून मी काय करू? बाप सांगतो, जेथे चाणक्य नाही तेथे राहा. इतक्यात राक्षस येऊन वध्याची माळ स्वतःच्या गळ्यात मागतो. चंदनदासाला आनंद होत नाही, उलट आपले सारे श्रम फुकट गेले याचे दुःख होते.

राक्षस मरावयास आला होता. चाणक्याने त्याचे मरण मागितलेच नाही. चंद्रगुप्ताच्या मंत्रिपदाचे शस्त्र हाती घे, नाहीतर चंदनदास वाचत नाही, एवढेच सांगितले. कित्येक म्हणतात, राक्षसाला शेवटी मोठे पद मिळाले, त्यात त्याग कसला? पण विचार करा. सुळावर गेला असता तर तो नंदांचा निष्ठावंत म्हणून गेला असता. आता ज्यांनी नंद बुडविले त्यांच्याच दरबारात त्याला रोज उभे राहावयाचे आहे. चंदनदासाने प्राण देऊ केला आणि नाव राखले. राक्षसाने प्राणाहून ज्याला अधिक जपले, ती मृत धन्याची निष्ठा, जिवंत मित्रासाठी खाली ठेविली. दोघांत मोठे दान कोणाचे, यावर आमच्या वर्गात मतभेद झाले. माझे मत राक्षसाकडे झुकते.

शस्त्र हाती येताच चाणक्य सर्व बंदी मोकळे करण्याची आज्ञा देतो, प्रतिज्ञा पुरी झाली म्हणून शेंडीची गाठ बांधतो, आणि चंदनदासाला साऱ्या नगरांचा श्रेष्ठी नेमतो.